रिकाम्या हाताची फेरी

माझ्या मामाला आमच्या गल्लीत कुणी नावाने हाक मारल्याचं मला आठवत नाही. तो स्टोअरमामा. पोस्टमनसुद्धा "स्टोअरमामांचं घर कुठलं?" असंच विचारायचा. तारुण्यातली सगळी वर्षं त्याने पलटणीच्या स्टोअरमध्ये काढली, आणि तीही बर्फातल्या चौकीवर. तिथे अर्धं वर्ष खालचा रस्ता बंद असायचा आणि सुईपासून स्टोव्हपर्यंत प्रत्येक वस्तू माणसांच्या पाठीवरून वर चढायची. लढणारे इतर होते, हा देणारा. कुणाच्या बुटाची नाडी तुटली, कंदिलाची काच तडकली की जवान स्टोअरच्या खिडकीशी येऊन उभा राहायचा, आणि मामा त्याच्या तोंडाकडे बघण्याआधी त्याच्या हातातल्या मोडक्या वस्तूकडे बघायचा. ही खोड जन्मभर राहिली. लग्नानंतर मी पहिल्यांदा त्याच्याकडे गेले, तेव्हाही त्याने आधी माझ्या बॅगेची अडकलेली चेन पाहिली आणि मग मला.

निवृत्त होऊन घरी आल्यावर त्याने पहिलं काम काय केलं, तर गवंडी बोलावून पुढच्या खोलीच्या भिंतीला गल्लीच्या बाजूने एक छोटी खिडकी पाडून घेतली. खाली फळी, वर आतून लावायची कडी. मामी म्हणाली, "आता इथे बसून तिकिटं विकणार की काय?" दुसऱ्या दिवशी खिडकी उघडली आणि आम्हा पोरांचं राज्य सुरू झालं.

काय नव्हतं त्या खोलीत! बिस्किटांचे रिकामे पत्र्याचे डबे भिंतीला लावून ओळीने उभे, प्रत्येकावर ब्रशने रंगवलेलं नाव. बटणं. वायसर. खिळे-चुका. चपलांचे बंद. बाहुल्यांचे डोळे, हो, बाहुल्यांचे डोळे वेगळ्या डब्यात. सगळ्याला मिळून मशीनच्या तेलाचा आणि डांबराच्या गोळ्यांचा एक वास होता, आणि तो मला आजही कुठे लोखंडी सामानाच्या दुकानात आला की मी दोन मिनिटं तिथेच रेंगाळते. नवरा विचारतो, काय घ्यायचंय? काही घ्यायचं नसतं.

खिडकीचे नियम कडक होते. खिडकीसमोर ताठ उभं राहायचं. तळहात वर करून हात पुढे करायचा. आधी जुनं द्यायचं, मग नवं मिळणार. तुटका बंद दिला तर नवा बंद, फुटकं बटण दिलं तर आख्खं बटण. आणि जुनी वस्तू हरवलीच असेल तर रडगाणं गायचं नाही, बहाणे करायचे नाहीत, ताठ उभं राहून मोठ्याने म्हणायचं, "हरवलं." एवढं म्हटलं की मामा देणारच. आता कोपऱ्यावर ज्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे, तो तेव्हा नाक गळणारं पोरगं होता. त्याच्या तिचाकी सायकलचं काहीतरी रोज हरवायचं. तो इतक्या खणखणीत आवाजात "हरवलं" म्हणायचा, की पलीकडच्या घरातली म्हातारी दचकून शिव्या द्यायची.

मामाच्या तोंडून "नाही" हा शब्द मात्र आम्ही कधी ऐकला नाही. डब्यात नसेल तर तो म्हणायचा, "उद्या ये." आणि उद्या असायचंच.

त्या दिवसांत अधूनमधून त्याचा एक पलटणीतला मित्र यायचा. त्याच्या दोन्ही हातांची मिळून तीन बोटं गेलेली होती, म्हणून दोस्तमंडळींनी त्याचं नाव सातबोट्या पाडलं होतं. त्याला त्याचं काही वाटत नसे, उलट तो स्वतःच दारातून ओरडायचा, "वहिनी, सातबोट्या आलाय, चहा टाका!" कप तो दोन तळव्यांमध्ये धरायचा, पाखराचं पिल्लू धरावं तसा. आम्हाला वाटायचं, लढाईत बोटं उडाली असणार. आम्ही त्याच्याकडे आदराने बघायचो. प्रत्येक वेळी निघताना मामा त्याला हातमोज्यांचा नवा जोड द्यायचा आणि प्रत्येक वेळी तो हसून म्हणायचा, "अरे, माझी बोटं कमी झाली आणि तुझे मोजे वाढतच चाललेत." मामा हसायचा नाही.

मग आम्ही मोठे झालो. मी चष्म्याच्या दुकानात काम करायला लागले, मामाचा मुलगा, म्हणजे आमचा दादा, नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेला. गल्लीत नवी पोरं आली, पण त्यांच्या चपलेचा बंद तुटला की आया नवी चप्पल आणायच्या. खिडकीशी कुणी येईना. मामा मात्र रोज सकाळी फेरी मारायचा आणि येताना हात भरून आणायचा. कुणी टाकलेला पंखा, छत्रीच्या काड्या, कुकरच्या मुठी, खुर्चीचे पाय. "लागलं तर?" हे त्याचं ठरलेलं उत्तर. घरात येणं चालू राहिलं आणि घरातून जाणं थांबलं. डब्यांवर डबे चढले, डब्यांपुढे खोकी आली, खोक्यांवर गाठोडी. सातबोट्या वारला त्या वर्षी तर मामाने ताळतंत्रच सोडलं. पॅसेजमधून सरळ चालता येईना. मामा-मामी दोघंही अंग तिरकं करून, भिंतीला पाठ घासत जायची, आणि त्याची त्यांना इतकी सवय झाली होती की आमच्याकडे आल्यावरही मामा दारातून तिरकाच शिरायचा.

मला त्याचा राग यायचा. चिक्कार राग यायचा. मी भांडायचे, "मामा, हे घर आहे की भंगारवाल्याचं गोदाम?" तो शांतपणे म्हणायचा, "तुझ्या चष्म्याचा स्क्रू पडला ना मागे? कुणी दिला?" झालं. मी चष्मा पुसायला लागायचे.

मामाच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला मीच त्याला घेऊन गेले होते. तेवढ्या वेळात दादाने संधी साधली. त्याच्या शहराहून आला, टेंपो बोलावला, चार हमाल लावले आणि पुढची खोली साफ रिकामी केली. त्याचा हेतू वाईट नव्हता, आई-बापाच्या काळजीनेच केलं त्याने. पण मी मामाला धरून दारात आणलं, तेव्हा एका डोळ्यावर पट्टी असलेला तो माणूस उरलेल्या एका डोळ्याने त्या खोलीकडे बघत राहिला. ओरडला नाही, रडला नाही. चालत खिडकीपाशी गेला, पल्ले ओढून घेतले आणि कडी लावली. त्या दिवसापासून ती खिडकी बंद झाली. दादाला घराचा उंबरठा बंद झाला. आणि वर्ष फिरायच्या आत खोली पुन्हा भरली, पूर्वीपेक्षा जास्त, आणि आता डब्यांवर नावंही नव्हती. नुसता ढीग.

मग मामी पडली. पॅसेजमध्ये रचून ठेवलेल्या शिवणयंत्रांच्या झाकणांत तिचा पाय अडकला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, वॉकर आला, आणि डॉक्टरांनी विचारलं की घरात हा वॉकर फिरेल ना? मामी माझ्याकडे बघायला लागली. मी तिला माझ्या घरी घेऊन आले.

मामीने कधी नवऱ्याच्या विरोधात ब्र काढला नव्हता. माझ्या घरी ती खिडकीपाशी बसून असायची, भाजी निवडून द्यायची, माझ्या पोरीच्या वेण्या घालायची. एका संध्याकाळी मामा तिला भेटायला आला तेव्हा तिने त्याला समोर बसवलं आणि म्हणाली, "अहो, मला घरी यायचंय. पण वॉकर फिरेल एवढी जागा झाली तरच येईन. नाहीतर मी इथेच. तुम्ही रोज भेटायला येत जा, मी चहा करून देईन." आवाज चढवला नाही तिने. मामाने मात्र अर्धा चहा तसाच ठेवला.

जाताना जिन्यात त्याने माझा दंड धरला. "मला जमत नाही गं," तो म्हणाला. "मी रोज ठरवतो. हात उचलत नाही. काय करू, सांग तू."

इतक्या वर्षांत मामाने कुणाकडे काही मागितल्याचं मी पहिल्यांदा ऐकलं.

माजी सैनिकांच्या दवाखान्यात मनाच्या आजारांचा एक विभाग होता. तिथे एक बाई फक्त अशाच लोकांवर उपचार करायच्या, ज्यांच्या हातून वस्तू सुटत नाही. हाही आजार असतो, त्याला नाव असतं, त्यावर औषधाच्या गोळीपेक्षा सराव जास्त चालतो, हे मला तिथेच कळलं. मामाला आठवड्यातून एकदा त्यांच्या गटात बसावं लागे. गटात एक जुना ड्रायव्हर होता, त्याने आयुष्यभराची वर्तमानपत्रं ठेवली होती. पलटणीच्या बँडमध्ये तुतारी वाजवणारा एक होता, त्याच्याकडे नुसत्या छत्र्या. पहिल्या दिवशी परत येताना मामा म्हणाला, "त्या छत्रीवाल्याचं डोकं फिरलंय. छत्र्या कोण साठवतं?"

मग बाई घरी आल्या. किरकोळ अंगाच्या, खांद्याला दोन पिशव्या, आणि दारातून आत पाऊल टाकल्याबरोबर शिंका सुरू. धुळीचं वावडं असलेल्या बाईने हे काम का धरलं होतं देव जाणे. पण त्यांनी एकाही वस्तूला हात लावला नाही. रुमालाने नाक पुसत उभ्याउभ्या विचारलं, "साहेब, तुम्हाला काय हवंय?"

मी म्हटलं, "हे सगळं काढून..."

"तुम्हाला नाही विचारलं," बाई म्हणाल्या.

मामाने पॅसेजमधल्या खोक्यांवरून नजर फिरवली. मग म्हणाला, "ती घरी यायला हवी."

"मग आपण वस्तू मोजायच्या नाहीत," बाई म्हणाल्या. "वॉकर कुठपर्यंत जातो, तेवढंच बघायचं." त्या दिवसापासून मी दर खेपेला मामीचा वॉकर घेऊन जायचे आणि दारापासून आत ढकलायचे. पहिल्या दिवशी तो उंबऱ्यातच अडला.

बाईंचा नियम एकच होता. टाकणारा हात मामाचा, दुसऱ्या कुणाचा नाही. मी मदत म्हणून एक फुटकी बादली उचलली तर त्यांनी मला ती होती तिथे परत ठेवायला लावली. मामाने एक वस्तू हातात घ्यायची, सोडायच्या विचाराने जीव किती कासावीस होतो ते शून्य ते दहा या अंकांत सांगायचं, ती पोत्यात टाकायची, आणि पळून न जाता तिथेच खुर्चीवर बसायचं. थोड्या वेळाने पुन्हा अंक सांगायचा. "नऊ... नऊच आहे... आठ." एका दात पडलेल्या कंगव्यासाठी माणूस घामाघूम होतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं. मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

घरात नवं सामान येणं थांबावं म्हणून दुसरा सराव होता, त्याला बाई 'रिकाम्या हाताची फेरी' म्हणायच्या. ज्या रस्त्यावर लोक मोडकं सामान बाहेर ठेवतात, त्याच रस्त्याने मामाने चालायचं आणि काहीही न उचलता परत यायचं. मी बरोबर असायचे. मामाला हातांचं काय करावं ते कळायचं नाही. शेवटी त्याने दोन्ही हात पाठीमागे घट्ट बांधले, परेडमध्ये विश्रामला उभे राहतात तसे, आणि नजर समोर. एका दाराशी चांगलं पितळी नळाचं तोंड पडलं होतं. त्याच्या मानेची शीर फुगलेली मला दिसली. तो चालत राहिला. घरी पोचल्यावर पाणी प्यायला आणि म्हणाला, "चढावर ओझं घेऊन चाललो तरी एवढा दमलो नव्हतो."

तरीही वॉकर फारसा पुढे सरकेना. कारण कळायला उशीर लागला नाही. मामा बाईंसमोर पोत्यात टाकायचा आणि त्या गेल्या की पोत्यातून काढून परत ठेवायचा. एक दिवस त्याने स्वतःच कबूल केलं, मान खाली घालून. मी भडकले. मामी तिकडे दिवसभर घराच्या आठवणी काढत होती आणि हा इथे चोरीछुपे कंगवा वाचवतोय! मी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात बाई शिंकल्या आणि माझं वाक्य राहून गेलं.

"परत काढताना मनात काय येतं, साहेब?" त्यांनी विचारलं.

"मला अधिकार नाही, मॅडम," मामा म्हणाला.

आणि मग त्याने ते सांगितलं. स्टोअरवाला वस्तू सांभाळतो, टाकत नाही. टाकायचं बोर्डाने. वर्षातून एकदा खालून तिघांचा बोर्ड चौकीवर यायचा. फाटक्या, मोडक्या वस्तू त्यांच्यासमोर मांडायच्या. तिघं हातात घेऊन बघणार, खडूने फुली मारणार, मग ती वस्तू कंडेम, म्हणजे कायमची बाद, आणि मग त्यांच्या डोळ्यांदेखत जाळायची. फुली नसलेली चिंधीसुद्धा स्टोअरवाल्याने टाकायची नाही. "एका वर्षी बर्फ लवकर पडणार अशी चिन्हं होती," मामा म्हणाला. "बोर्ड येईल न येईल. मला स्टोअर चकाचक ठेवायची हौस. कोपऱ्यात फाटक्या हातमोज्यांचा ढीग होता, बोटं निघालेले, उसवलेले. नजरेला खुपायचा. मी जाळून टाकला. एकट्याने."

बाहेर सायकलवाला कुठल्यातरी रिमवर हातोडी मारत होता, ती ठोकठोक आत ऐकू येत होती.

"पुढे रस्ता बंद झाला. वादळात माझ्या दोस्ताचे मोजे उडून गेले. माझ्या खिडकीशी आला. म्हणाला, नवे नसतील तर फाटके दे, चालतील. मी म्हटलं, नाही." मामाने दोन्ही तळवे मांडीवर उपडे ठेवले. "हातांना पायमोजे बांधून पहाऱ्यावर गेला. मग बोटं काळी पडली."

सातबोट्याची बोटं. लढाई-बिढाई काही नव्हती. तो एवढी वर्षं आमच्या घरी चहा पीत होता, हसत होता, आणि मामा त्याला मोजे देत होता. मला तिथे बसवेना. मी आत जाऊन उगाच नळ सोडला आणि ओंजळीने तोंडावर पाणी मारलं.

परत आले तेव्हा बाई विचारत होत्या, "त्यांनी तुम्हाला कधी दोष दिला?"

"कधीच नाही. तेच तर..."

बाई घाईघाईने समजूत घालत बसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "बोर्ड तिघांचा असतो ना? आपण तिघं आहोत. बसवूया बोर्ड. पण अध्यक्ष तुम्ही. आम्ही दोघी फक्त विचारणार. फुली तुमच्या हातची."

मामाने पहिल्यांदा मान वर केली.

पुढच्या खेपेला तो इस्त्रीचा शर्ट घालून, दाढी करून बसला होता. समोर टेबल, टेबलावर खडू. एकेक वस्तू मांडायची, मी विचारायचे, "शेवटची कधी लागली?" बाई विचारायच्या, "लागली आणि नसली, तर काय होईल?" मामा वस्तू फिरवून बघायचा, कधी लगेच, कधी खूप वेळाने खडू उचलायचा. "कंडेम." एकदा फुली पडली की ती वस्तू तो पोत्यातून कधीच परत काढत नसे. नियम म्हणजे नियम. छत्रीच्या काड्या गेल्या. कुकरच्या मुठी गेल्या. ज्यांत मामीचा पाय अडकला होता ती शिवणयंत्रांची झाकणं त्याने एकामागून एक फुली मारून काढली. वॉकर पॅसेजच्या अर्ध्यापर्यंत आला.

आणि मग एके दिवशी, आतल्या खोलीत असल्यामुळे दादाच्या सफाईतून वाचलेल्या एका गंजलेल्या डब्यातून निघाला चपलेचा तुटका बंद. लाल, लहान मुलीचा. मी ओळखला. आई मारेल म्हणून रडत मी तो खिडकीत दिला होता आणि मामाने नवा घालून दिला होता. आम्ही दिलेली सगळी जुनी मोडतोड त्याने ठेवली होती! त्याच डब्यात सायकलवाल्याची घंटा, कुणाचा भोवरा, कुणाच्या बाहुलीचा हात.

मामाने बंद उलटा-पालटा केला आणि खडू उचलला. "कंडेम."

"नाही हं!" मी ओरडले. "तो माझा आहे. तो राहू दे."

दोघंही माझ्याकडे बघायला लागली. बाई गंभीरपणे म्हणाल्या, "अंक किती?"

मला आधी राग आला, मग हसू आलं, आणि मग माझे डोळे भरून आले. कारण अंक खरंच आठ होता. ते दिवस, तो तेलाचा वास, फळीवर हनुवटी टेकवून उभी असलेली मी, एवढं सगळं त्या एका रबराच्या तुकड्याला चिकटलेलं होतं. मामा म्हणाला, "बस. जरा वेळ बस. उतरतो तो." आम्ही बसलो. त्याने मला खिडकीतल्या गमती सांगितल्या, त्या म्हातारीच्या शिव्या सांगितल्या. आकडा उतरला. माझ्या हातानेच मी तो बंद पोत्यात टाकला, आणि गंमत अशी की आठवण आपली जागच्या जागीच राहिली.

हळूहळू बाईंनी बोर्ड लहान केला. आधी त्या यायच्या थांबल्या, फक्त फोन करायच्या. मग मलाही म्हणाल्या, तुम्ही दुसऱ्या खोलीत बसा. शेवटी मामा एकटाच टेबलाशी बसून स्वतःला दोन्ही प्रश्न विचारायचा, दोन वेगळ्या आवाजांत, बाईंच्या आवाजात बोलताना मुद्दाम शिंकायचा. पलंगाखाली जपलेली हातमोज्यांची एक ट्रंक मात्र त्याने सगळ्यात शेवटी उघडायची म्हणून ठेवली होती. आत नवे, जुने, रस्त्यावर सापडलेले एकेकटे. ती त्याने एका दुपारी एकट्याने उघडली. मी संध्याकाळी गेले तेव्हा ट्रंक रिकामी होती आणि दाराजवळच्या खुंटीवर एकच जोड टांगलेला होता.

"हा त्याचा," मामा म्हणाला. "न्यायला आला नाही, म्हणून राहिला."

त्यानंतर एकदाच बाई आल्या. घर बघितलं, एकदाही न शिंकता उभ्या राहिल्या. जाताना म्हणाल्या, "साहेब, एक सांगते. टाकलेली एखादी वस्तू एक दिवस लागणार आहे. नक्की लागणार. तो दिवस आला म्हणजे उपचार फसला असं समजू नका. तो दिवस यायलाच हवा."

मामा नुसता "हं" म्हणाला. त्याचा चेहरा मला आवडला नाही.

मामी घरी आली त्या दिवशी दादाही आला होता. त्यानेच तिला गाडीतून उतरवलं, मामाने दार उघडून धरलं आणि त्याच्या पाठीवर एक थाप मारली. एवढ्यावर मिटलं. वॉकर ठक ठक करत उंबरा ओलांडून आत गेला, पॅसेजमधून पुढे, कुठेही न अडता. मामा पुढे वाट दाखवत होता आणि मोकळ्या पॅसेजमधूनही भिंतीला पाठ लावून तिरका चालत होता.

"अहो, असे खेकड्यासारखे काय चालताय?" मामी म्हणाली, आणि मग सगळं घर बघून पदर तोंडाला लावून रडली. मामाने तिची खुर्ची बंद खिडकीपाशी ठेवली होती. तो खिडकीची कडी काढायला गेला, कडी गंजली होती, दोघा बापलेकांनी मिळून ओढली तेव्हा पल्ले उघडले आणि खोलीत ऊन आलं.

मी चहा टाकायला उठले. मामी माझ्यामागे यायला निघाली, आणि वॉकरचा एक पाय फरशीवर सर्रकन घसरला. दादाने धरलं म्हणून बरं. खाली बघितलं तर त्या पायाचं रबरी टोपण गायब, गाडीपासून दारापर्यंत कुठेतरी पडलेलं.

मामी सहज म्हणाली, "अहो, तुमच्याकडे डबाभर होती ना तसली टोपणं? एक द्या बघू."

होती. काठ्यांची, खुर्च्यांची, सगळ्या मापांची. आदल्याच आठवड्यात मामाने तो डबा टेबलावर ठेवला होता, स्वतःला दोन्ही प्रश्न विचारले होते आणि फुली मारली होती. पोतं गेलं होतं. हे दादाला ठाऊक नव्हतं, मामीला नव्हतं. मला होतं. मामाचे दोन्ही हात आपोआप पाठीमागे गेले आणि एकमेकांत घट्ट अडकले. त्याने मामीच्या पायाकडे बघितलं, मग खुंटीवरच्या मोज्यांकडे. मला वाटलं, गेलं सगळं. आता उद्यापासून पुन्हा हात भरून येणार हा.

"नाही," मामा म्हणाला. आवाज इतका बारीक होता की त्याने घसा खाकरून पुन्हा म्हटलं. "स्टोअरमध्ये नाही."

इतक्या वर्षांच्या संसारात मामीने हा शब्द पहिल्यांदा ऐकला असणार. तिने वॉकर दादाकडे दिला. मग खुर्चीत नीट टेकून बसली आणि म्हणाली, "नाही तर नाही. मी बसते इथे. बघा काय करता येतं."

दादा लगेच गाडीची किल्ली घेऊन उठला, "मी आणतो बाजारातून."

"तू बस," मामा म्हणाला. "स्टोअर माझं आहे."

तो पॅसेजमधून बाहेर गेला, सरळ, खांदे समोर ठेवून. मी खिडकीच्या फळीवर कोपरं टेकली. गल्ली ओलांडून तो सायकलवाल्याच्या दुकानासमोर जाऊन उभा राहिला. जन्मभर ज्या बाजूला उभा राहून दिलं, तिच्या पलीकडच्या बाजूला. सायकलवाल्याने हातातलं चाक खाली ठेवलं. स्टोअरमामा आपल्याकडे मागायला आलेत, हे त्याला कळायला जरा वेळ लागला असावा. मग त्याचं तोंड कानापर्यंत फाकलं आणि त्याने मामाच्याच आवाजात दरडावलं, "जुनं आणलंय?"

मामी माझ्या मागून म्हणाली, "काय करतायत गं?"

मी तिची खुर्ची खिडकीकडे वळवली.

मामा ताठ उभा राहिला. तळहात वर करून हात पुढे केला, आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाला, "हरवलं."